बिगोनियाची भुरी आणि रथसप्तमीचं वाण

"ताई, झाडावर कोणीतरी पीठ सांडलंय," असा फोन आला की सुरुवातीच्या वर्षांत मी विचारायचे, "फुंकर मारली तर उडतं का?" पलीकडची बाई फोन कानाला लावूनच फुंकर मारायची. मला ती ऐकू यायची. "उडालं थोडं, पण डाग राहिलाय." मग मी सांगायचे, ही भुरी आहे, कुंडी बाजूला काढून ठेवा. असे बरेच फोन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी फोनवरून लोकांना भुरी शेजारच्या कुंडीवर उडवायला सांगते आहे. तो प्रश्न बंद केला. आता म्हणते, हात लावू नका, फोटो पाठवा.

घरातल्या कुंड्यांची देखभाल हा माझा धंदा. मीरा रोड आणि भाईंदर पूर्व, आठवड्यातले पाच दिवस, स्कूटरवर. वय बावन्न, शिक्षण वनस्पतिशास्त्र, जे माझ्या माहेरच्यांना वाया गेल्यासारखं वाटत होतं आणि अजूनही थोडं वाटतं. इमारतीच्या रखवालदाराच्या वहीत पाहुण्याचं नाव, फ्लॅट नंबर आणि काम असे तीन रकाने असतात. माझ्या कामाच्या रकान्यात रखवालदार 'झाड' एवढंच लिहितात. मीही तक्रार करत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: भुरी ही बुरशी. पण पावात किंवा लोणच्यात येते तशी नाही. ती पानाच्या वर बसते, बारीक मुळ्या आत घालते आणि पानाचं खाते. आधी चवलीच्या नाण्याएवढा पांढरा ठिपका, मग दोन, मग सगळं पान जणू रांगोळीच्या डब्यात पडलेलं. पान वाकडं होतं, पिवळं पडतं, गळतं. बाकीच्या बुरशींना पानावर पाणी साचलेलं लागतं. हिला तेही लागत नाही. कोंडलेली दमट हवा, कमी ऊन आणि बऱ्यापैकी गारवा मिळाला की झालं. म्हणजे दिवाळी संपल्यापासून शिवरात्रीपर्यंत आमच्याकडचे फ्लॅट. खाडीकडून डास येतात म्हणून खिडक्या बंद, आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडीला कुंडी चिकटलेली. द्राक्षबाग असलेल्या कुणा नातेवाइकासमोर भुरी हा शब्द काढा, तो जेवणावरून उठेल. आमच्याकडचे लोक उठत नाहीत, कारण भुरीने झाड लगेच मरत नाही. महिनाभर ते नुसतं आजारी दिसतं, आणि आजारी दिसणाऱ्या गोष्टींची घरात सवय होते.

आता तीन घरं सांगते. तिन्ही माझ्या मंगळवारची, आणि तिन्ही एकाच फेरीतली.

सकाळी नऊ वाजता भाईंदरचं जेसल पार्क. तिथे कारखानीस काका, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे बारा कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीला अनुक्रमांक. काका एकटेच राहतात आणि प्रत्येक गोष्ट कारणासकट समजून घेतात, हीच अडचण आहे. एका डिसेंबराच्या शेवटी त्यांचा फोन आला. "बाई, सात नंबरवर पांढरे डाग आले होते. मी उपचार सुरू केलेत. तुम्ही मंगळवारी फक्त तपासून जा."

गेले. सात नंबरची कुंडी बिगोनियाची. पानं खालपासून वरपर्यंत पांढरीशुभ्र.

"काका, हे काय लावलंत?"

"बुरशीचीच पावडर. मागच्या पावसाळ्यात मला बोटांच्या बेचक्यात झालं होतं, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली. बुरशी म्हणजे बुरशी. माणसाची काय, झाडाची काय."

"पण आता खाली रोग किती आणि वर औषध किती, हे कसं कळणार?"

काकांनी चष्मा वर केला, पानाकडे बघितलं आणि म्हणाले, "हा मुद्दा राहिला."

मी खराब पानं कापली, पिशवीत बांधून कचऱ्यात दिली. हे बिगोनिया काकांनी रस्त्यावरच्या हातगाडीवरून घेतलं होतं आणि त्याच दिवशी बाकीच्यांच्या रांगेत बसवलं होतं. नवीन झाड पंधरा दिवस वेगळं ठेवायचं, हे मी त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मी मनातल्या मनात हसत खाली उतरले, आणि पावडरीचा हा किस्सा पुढच्या दोन्ही घरांत अगदी रंगवून सांगितला. हे लक्षात ठेवा.

दुसरं घर भाईंदरच्याच इंद्रलोकमधलं, तेजश्रीचं. ते शेवटी सांगते.

तिसरं मीरा रोडला, हंसाबेनचं. हंसाबेन जैन आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्याकडे एका बिगोनियावर भुरी होती. मी पिशवीतून फवारणीची बाटली काढली तशी त्यांनी माझा हात धरला.

"एक मिनट, ताई. ये जो सफेद है, इसमें जीव है?"

खोटं बोलण्याचा माझा स्वभाव नाही. "हां, है."

"तो मारना नहीं है. कुछ और करो ना."

मी तिथेच सोफ्यावर बसले. रोग घालवायचा पण मारायचा नाही. तोवर मला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. विचार करून म्हटलं, ठीक आहे, मारत नाही, पण तिला इथे राहणं नको होईल असं करते. ती कुंडी त्यांनी खाली सोसायटीच्या बागेत ठेवली, तिथे दुसरं बिगोनिया नव्हतं. भुरीचं एक बरं असतं, गुलाबाची भुरी बिगोनियावर जात नाही आणि बिगोनियाची गुलाबावर. मग घरातल्या कुंड्यांमध्ये वीतभर अंतर. सकाळी दोन तास खिडकी उघडी, डासांसाठी जाळी. पाणी सकाळीच आणि फक्त मातीत, पानावर थेंब नाही. खालची दाटलेली पानं आधीच काढायची, म्हणजे मधून वारा जातो. घरातला पंखा मंद. बस.

त्या घरात तीन वर्षं भुरी आली नाही. फवारण्यांचे पैसे भरणाऱ्या माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांपेक्षा, जिला काही मारायचंच नव्हतं तिची झाडं निरोगी. मी इतरांना जे शिकवते त्यातलं निम्मं हंसाबेनच्या हट्टाने मला सुचलेलं आहे.

आता तेजश्री. वय पस्तीस, एका दवाखान्याच्या कचेरीत कामाला, मंगळवारी सुट्टी. सासर रत्नागिरीकडचं. परळच्या चाळीतली खोली सोडून हे कुटुंब इंद्रलोकमध्ये आलं त्याला दोन वर्षं झाली होती. नवरा रात्रपाळीला. घरात सासूबाई, ज्यांना मी काकू म्हणते आणि ज्या मला 'गो बाई' म्हणतात.

नव्या इमारतीत तेजश्रीला कुणी नावाने ओळखत नव्हतं. लिफ्टमध्ये बायका तिला 'सात सौ तीन' म्हणायच्या. पहिल्या वर्षी तिने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं, सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला, वाण म्हणून तीस प्लास्टिकचे डबे आणले. आल्या पाचजणी. त्यातली एक चुकून. उरलेल्या पंचवीस डब्यांत काकू वर्षभर डाळी भरत होत्या, आणि प्रत्येक डबा उघडताना सुनेला ऐकू जाईल असा उघडत होत्या.

दुसऱ्या वर्षी तेजश्रीने ठरवलं, या खेपेला असं वाण द्यायचं की बायका आपणहून येतील. जून महिन्यात तिने मला बोलावलं. "ताई, मला घरी झाडं वाढवून वाटायची आहेत. स्वतः लावलेली. काय लावू?"

मी बिगोनिया सुचवलं. रंगीत पानांचं, नक्षी असलेलं. एका पानापासून नवं झाड होतं. देठासकट पान कापायचं, रेतीमिश्रित मातीत खोचायचं, वर पिशवी घालायची. दीड-दोन महिन्यांत देठाशी पिल्लू फुटतं. तेजश्रीने ते इतक्या नीट केलं की जानेवारीत तिच्याकडे चव्वेचाळीस कुंड्या होत्या. सत्तावीस गॅलरीत, सतरा बेडरूमच्या खिडकीत. मग ती दारोदार गेली. मराठी, गुजराती, मारवाडी, खालच्या मजल्यावरच्या तमिळ बाई, सगळ्यांकडे. रथसप्तमीला या, माझ्या हातचं झाड देणार आहे. अठ्ठावीसजणींनी येते म्हणून सांगितलं.

रथसप्तमीला तीन आठवडे उरले असताना, मंगळवारी मी गॅलरीत गेले, आणि पुढच्या रांगेतल्या पानावर चवलीएवढा ठिपका दिसला. शेजारच्या पानावर दोन. भिंग काढलं. सत्तावीसपैकी एकही कुंडी सुटली नव्हती.

तेजश्री मागे उभी होती. "धूळ आहे ना? समोर बांधकाम चाललंय."

"भुरी आहे."

काकू आतून म्हणाल्या, "डब्यांना रोग होत नाही हो."

मी कामाला लागले. कुंड्या एकमेकींपासून दूर करा, जागा मिळेल तिथे ठेवा. अर्ध्या तासात जेवणाचं टेबल, टीव्हीचं कपाट, शिलाई मशीन, सगळीकडे बिगोनिया. जास्त डागाळलेली पानं कापून पिशवीत. गॅलरीची काच उघडी. आणि एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळच्या उजेडात फवारायचं, चार-पाच दिवसांनी परत. कोवळ्या भुरीवर दुधाचा उपयोग होतो, जुन्यावर नाही. गंधकही चालतं, पण ते शेतात. बंद फ्लॅटमध्ये मारलं तर माणसं आधी बाहेर पडतील.

काकूंनी दुधाची पिशवी माझ्या हातात देताना विचारलं, "नागपंचमीला नागाला ऐकलंय. संक्रांतीला झाडाला?"

"नागाला पाजू नका, काकू. झाडाला चालतं."

मग बेडरूम. एरवी तिचं दार बंद असतं, त्या दिवशी काकूंनी लेकाला उठवून मला आत नेलं. तिथल्या सतरा कुंड्या स्वच्छ होत्या. एक ठिपका नाही. त्याच मातीतली, त्याच झाडाची पानं, त्याच घरात. मला ते विचित्र वाटलं, पण उशीर झाला होता म्हणून मी हंसाबेनकडे निघाले.

हंसाबेनच्या खिडकीतल्या बिगोनियावर ठिपका होता.

ज्या घरात वारा खेळतो, पानावर पाण्याचा थेंब पडत नाही, तीन वर्षांत नवीन कुंडी आलेली नाही, तिथे भुरी आपोआप येत नाही. कोणीतरी आणावी लागते. त्या घरात दर आठवड्याला बाहेरून झाडांपर्यंत जाणारी व्यक्ती एकच होती. मी पिशवी उघडली आणि फडकं बाहेर काढलं.

हे फडकं म्हणजे जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा. बिगोनियाची पानं लवदार असतात, ती ओल्याने पुसत नाहीत, म्हणून कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकायची. गिऱ्हाइकांना पानं चमकलेली आवडतात. माझी कात्री मी प्रत्येक घरात स्पिरिटने पुसते, हात धुते, आणि बायकांना तसंच करायला लावते. फडकं मात्र रविवारी धुवायचे. त्या डिसेंबरात, काकांचा फोन यायच्या आधीच्या मंगळवारी, त्यांच्या सात नंबरवरची धूळ, जी धूळ नव्हती, मी त्या फडक्याने झटकली होती. तेव्हा ठिपके आले नव्हते, नुसता फिकटपणा होता, आणि मी इतकी वर्षं या धंद्यात असून बांधकामाची धूळ समजले होते. तेच फडकं घेऊन तासाभरात तेजश्रीच्या गॅलरीत. मग इथे. बेडरूममधल्या सतरा कुंड्यांना ते कधी लागलंच नाही, कारण मी जाते तेव्हा तेजश्रीचा नवरा रात्रपाळी करून तिथे झोपलेला असतो.

म्हणजे काका पावडर लावून बसले होते ते हास्यास्पद, आणि ज्या घरांत मी त्यांचा किस्सा सांगितला तिथे भुरी मी आधीच पुसून ठेवली होती.

हंसाबेनना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "तो इस बार मेहमान आप लाई हो," म्हणाल्या. "कुंडी नीचे रखवा देती हूँ. आप तीन हफ़्ते मत आना." काही राग नाही, पण तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे.

तिथून सरळ परत इंद्रलोक. रिक्षांच्या गर्दीतून स्कूटर काढताना मी दोनदा विचार केला की न सांगितलं तर कुणाला कळणार आहे? कुणालाच नाही. हिवाळ्यात भुरी येतेच. पण उपचार करायचा तर रोग कुठून आला ते सांगावं लागतं, नाहीतर पुढच्या मंगळवारी मी परत तेच करणार.

तेजश्रीने दार उघडलं. मी उभ्यानेच सांगितलं.

"फडक्याने?" ती म्हणाली.

"हो."

"ताई, सात महिने तुम्ही मला हात धुवायला लावलेत. आंघोळ करून आले तरी म्हणायचात, कुंडीला हात लावायच्या आधी धू."

"हो."

"आणि त्या काकांवर आपण हसलो."

"मी हसवलं म्हणून हसलात."

मागून काकू आल्या. "म्हणजे माझ्या लेकाच्या झोपेने सतरा कुंड्या वाचल्या म्हण की! आणि तू त्याला आळशी म्हणतेस गो, तेजू."

तेजश्री हसली नाही. "पैसे परत वगैरे काही बोलू नका," ती मला म्हणाली. "तुम्ही रोज या. पण झाडाला हात मी लावणार. तुम्ही दारात उभं राहायचं आणि सांगायचं."

तीन आठवडे मी त्या घराच्या उंबऱ्याशी उभी राहून झाडांवर उपचार केले. "डावीकडची. नाही, माझ्या डावीकडची. पान उलटं कर. देठापासून काप." सोळा वर्षांची कारागीर आणि हात बांधलेले. काकू मला चहा दारातच द्यायच्या. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईने एकदा विचारलं, "इनको अंदर क्यों नहीं लेते?" काकू म्हणाल्या, "उनका सोवळा हाय."

कारखानीस काकांनाही फोन केला. माझ्या हातून त्यांच्या घरची भुरी कुठे कुठे गेली ते सांगितलं. काका गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे मुख्य शाखा आमची." मग बराच वेळ हसत होते. पावडरीबद्दल मी माफी मागितली ती त्यांनी ऐकली की नाही, माहीत नाही.

रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी मला पहिल्यांदा आत बोलावलं. दुधाने काम केलं होतं, पण पूर्ण नाही. सत्तावीसपैकी नऊ कुंड्या फेकाव्या लागल्या होत्या. अठरा वरून साफ दिसत होत्या. बेडरूममधल्या सतरा साफच होत्या.

"अठ्ठावीस हव्यात," तेजश्री म्हणाली. "सतरा आणि या अठरांतल्या अकरा. झालं."

मी भिंग लावलं. पहिल्या कुंडीत कोवळ्या पानाच्या मागे दोन कण. दुसरी बरी. तिसरीत कण.

"या देऊ नकोस."

"दिसतंय कुठे?"

"आज नाही दिसत. पंधरा दिवसांनी दिसेल. अकरा घरांत. त्या घरांतल्या बाकीच्या बिगोनियांवरही. आणि झाड तुझ्या हातचं म्हणून तू सांगितलंयस."

"आणि नाही दिलं तर?" तिचा आवाज चढला. "ताई, मी प्रत्येक दार वाजवलंय. सतराजणींना झाड आणि अकराजणींना डबा देऊ? वाण सगळ्यांना सारखंच द्यायचं असतं. उद्या त्या येणार, हात हलवत जाणार, आणि परवापासून मी परत सात सौ तीन."

माझ्याकडे उत्तरं असतात ती भुरीची. मी माझ्याकडची दुसरी झाडं आणून देते म्हणाले, तर ती म्हणाली, विकतचंच द्यायचं होतं तर डबे काय वाईट होते?

काकू खुर्चीत बसून तिळाच्या वड्या कापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बाळ बघायला बायकांना बोलावतात ना? मग काय लगेच बाळ त्यांच्या हातात देऊन पाठवतात?"

मी भिंग खाली ठेवलं. काकूंनी वडी कापता कापताच पुढे सांगितलं,

"चैत्रात गौरीचं हळदीकुंकू असतं की. झाडं तेव्हा दे. उद्या नुसती दाखव."

"नुसती दाखवली तर कोण थांबेल चैत्रापर्यंत, आई?" तेजश्री म्हणाली. पण ती सतरा कुंड्यांकडे बघत होती, आणि मला दिसलं की ती पानं मोजते आहे. "ताई, यातलं प्रत्येकी दीड-दोन पान काढलं तर झाडं टिकतील?"

"दोन काढ. टिकतील."

"मग उद्या प्रत्येकीने आपलं पान आपणच लावायचं. नाव घालून. वाढवते मी. चैत्रात घेऊन जायचं. सगळ्यांचं सारखं."

मी तिला स्पष्ट सांगितलं की सगळी पानं रुजतीलच असं नाही. ती म्हणाली, "तेही त्यांना सांगू."

दुसऱ्या दिवशी अठ्ठावीसजणी आल्या. हळदीकुंकू, तिळगूळ, आणि जेवणाच्या टेबलावर कागदी पेले, रेतीमिश्रित माती, आइसक्रीमच्या काड्या. तेजश्री हिंदीत म्हणाली, "झाड देणार होते, पण त्यांना थोडी बीमारी लागली. बीमार झाड मी कुणाच्या घरी देणार नाही. आज पान लावू या." रोग कुठून आला ते तिने सांगितलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते, हातात तिळाची वडी. तेव्हा पुढे होऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ते मला अजून खटकतं.

पण बायका रंगल्या होत्या. जरीच्या साड्या सावरून मातीत बोटं घालत होत्या. तमिळ बाईंनी काडीवर आपल्या लिपीत नाव लिहिलं, ते कुणाला वाचता येईना, म्हणून शेजारणीने त्याच्याखाली गुजरातीत लिहिलं, तेही काकूंना वाचता येईना. एकीने तर कुंकवाचं बोट लावलं पानाला. मी ओरडले, "पान को कुछ नहीं लगाने का!" ती घाबरली आणि मग सगळ्याच हसल्या.

त्यानंतर तेजश्रीच्या घराची बेल थांबली नाही. संध्याकाळी कामावरून आली की कुणीतरी दारात. "मेरा पत्ता कैसा है?" "माझ्याला काही फुटलं का गं?" येताना ढोकळा, येताना कढीपत्ता. काकू पेल्यांच्या रांगेपुढे बसून माहिती द्यायच्या: "तुझं बरं हाय. हिचं थोडं झोपलंय." मार्चमध्ये मी खाली वहीत नाव लिहीत होते, तर रखवालदार म्हणाला, "तेजश्री मैडम के यहाँ ना?" फ्लॅट नंबर त्यानेच भरला.

चैत्रात अठ्ठावीसपैकी तेवीस पानांना पिल्लं आली होती. दोन बोटांएवढी, पण स्वच्छ. मी भिंगाने एकेक तपासली. पाच कुजली. त्या पाचजणींना तेजश्रीने बेडरूमच्या सतरांतली मोठी झाडं दिली. यावर तक्रार आलीच. एक मारवाडी बाई आपलं इवलंसं रोप हातात धरून म्हणाल्या, "मेरा पत्ता क्यों नहीं सड़ा?"

पन्हं होतं, आंबेडाळ होती, भिजवलेले हरभरे होते. काकू दारात बसून प्रत्येकीच्या हातात रोप देताना बजावत होत्या, "पानी सुबह में. माती में. पान पे नय." कुंड्यांत वीतभर अंतर ठेवायचं, हेही हाताने वीत करून दाखवत होत्या. मला करायला काही उरलं नव्हतं. मी पन्ह्याचा पेला घेऊन कोपऱ्यात बसले.

तिथे एक नवीन आलेली बाई होती, कुणाची तरी जाऊ. तिने काकूंना विचारलं, "वो कोने में कौन हैं? रिश्तेदार?"

काकूंनी माझ्याकडे हात केला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "वो? झाडवाली बाई. रोग वोइच लाई थी, अपने फडके से. और निकाला भी उसीने."

तेजश्रीने कपाळाला हात लावला. मी पेला खाली ठेवला, उभी राहिले आणि म्हणाले, "हां. सही है." आणि रथसप्तमीला जे सांगायला हवं होतं ते सगळं, फडक्यापासून, हिंदीत सांगितलं.

सांगून झाल्यावर मला वाटलं, आता या इमारतीत माझं काम संपलं. मग त्या तमिळ बाई पुढे आल्या, फोन काढला आणि विचारलं, "आपका मंगलवार को टाइम है क्या?"

संध्याकाळपर्यंत सातजणींनी नंबर घेतला होता.